बोलायचे नाही, असे ठरले होते

(१९८१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहसंमेलनात केलेले भाषण. बोलताना राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय आधीच ठरलेला होता. "१० डिसेंबर जवळ आलाय, मानवी हक्क दिन. तू वकील आहेस. हक्कांचं संरक्षण, समाजातला भेदभाव, यावर वीस मिनिटं बोल." मी म्हटले, अरे, जेवणाआधीच्या वीस मिनिटांत माणसाला एकच हक्क आठवतो. तर म्हणाला, "तू बोल, वडे उशिराच तळायला सांगतो." तेव्हा वास आला तरी उठू नका, एवढी विनंती.

घटनेतल्या मूलभूत हक्कांची यादी मी आता वाचून दाखवू शकतो. नववीत नागरिकशास्त्राच्या तासाला आपण ती पाठ केली होती. समानतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, शोषणाविरुद्धचा हक्क... एका सुरात म्हणायचो, पाढे म्हणावेत तसे. त्याच वर्षी, त्याच वर्गात, मुलींच्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर आपली एक वर्गमैत्रीण एकटी बसत होती. त्याबद्दल मी आज बोलणार आहे. तिचे नाव घेणार नाही, कारण तिने तसे सांगितले आहे. तुमच्यापैकी काहींना ते आठवेल. आमच्या गावच्या मंडळींना तर नक्कीच आठवेल.

आमचे गाव खाडीपलीकडे. तरीने अलीकडे यायचे आणि मग पाऊण तास चालत शाळेत. गावातून आम्ही अकरा पोरे यायचो, त्यातल्या तीन मुली. तिचे घर आमच्यापासून चार घरे सोडून. आमच्याच जातीतले, आमच्याच देवळातले, पालखीला आमच्याबरोबर खांदा देणारे. वडील होड्यांच्या दुरुस्तीची कामे करीत, थोडी भातशेती होती. माणूस कमी बोलणारा. गावच्या एका जमिनीचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू होता, आणि त्यात त्यांना साक्षीचे समन्स आले. ते गेले आणि जे पाहिले होते ते सांगून आले. ते गावकीच्या सोयीचे नव्हते, एवढीच भानगड.

१९७९ चा गणपती होऊन गेल्यावर देवळात बैठक बसली. ५०१ रुपये दंड भरा आणि देवासमोर नारळ ठेवून चूक कबूल करा, असे त्यांना सांगण्यात आले. ते म्हणाले, "खोटं बोललो असतो तर नारळ ठेवला असता." त्या रात्री त्यांना वाळीत टाकले. त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही, उसनवार द्यायची नाही, गिरणीत दळण घ्यायचे नाही, त्यांच्या घरी मयत झाले तरी जायचे नाही. जो बोलेल त्याला ५१ रुपये दंड. तेव्हा आमच्याकडे ती आठ-दहा दिवसांची मजुरी होती.

कागदावर काही नव्हते. हे वकील म्हणून मला पुढे फार वेळा आठवले. असल्या गोष्टी कधीच कागदावर नसतात.

आमचे किराणा दुकान होते, हे तुम्हाला माहीत आहे. श्रीखंडाच्या गोळ्यांची उधारी अजून काही जणांकडे निघते. रॉकेलचा परवानाही आमच्याकडेच होता. शाळेतून आल्यावर दिवेलागणीपर्यंत दुकानावर मी बसायचो. बैठकीनंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती रॉकेलची बाटली घेऊन आली. आप्पा आत माळ्यावर काही काढत होते. त्यांनी वरूनच विचारले, कोण आहे? मी सांगितले. थोडा वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "रॉकेल संपलंय म्हणून सांग."

त्या वर्षी रॉकेलची टंचाई होतीच, त्यामुळे खोटे खपण्यासारखे होते. फक्त माझ्या कोपराला लागून भरलेले पिंप होते आणि मापाच्या नळीतून अजून थेंब गळत होते. तिने पिंपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि गेली. मी चौदा वर्षांचा होतो. "संपलंय" हा शब्द मीच उच्चारला होता.

आप्पांना मी वाईट म्हणत नाही. दुकान गावावर चालत होते. उद्या आमच्या दुकानात जायचे नाही असे ठरले असते, तर आम्ही पाच जण काय खाणार होतो? हे त्यांनी मला कधी समजावून सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही. घरात त्यावर बोलणेच झाले नाही.

आई मात्र मागच्या दाराने देऊ लागली. मीठ, काड्यापेटी, कधी डब्यात तेल. रात्री नऊनंतर, कंदील न घेता, परसातून. ती मुलगी किंवा तिची आई यायची आणि पडवीच्या कडेला उभी राहायची. आप्पांना हे कळत होते असे मला आता वाटते, कारण हिशेबात मीठ कमी पडले तरी त्यांनी कधी विचारले नाही.

आता पुढचे जे आहे ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही. माझ्या बायकोला आत्ता, इथे, तुमच्याबरोबर कळते आहे.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी खाडीवर पोहताना मी आमच्या गावच्या एका मित्राला सांगितले, की आमची आई त्यांना मीठ देते. का सांगितले? चुगली करायची होती असे नाही. बढाईच होती, आमची आई गावकीला घाबरत नाही, अशी. त्याने घरी सांगितले. त्याचे वडील गावकीत होते. दुसऱ्या दिवशी आप्पांना देवळात बोलावले. ५१ रुपये भरून ते आले, वही काढून दुकानाच्या खर्चात रक्कम लिहिली आणि समोर लिहिले, 'देवस्थान'. ती वही माझ्याकडे आहे. आई त्या रात्रीपासून परसात गेली नाही. कोणी सांगितले, हे तिने विचारले नाही. तिला माहीत असावे. ती पुढे सत्तावीस वर्षे जगली आणि हा विषय आमच्यात निघाला नाही.

आता शाळेकडे येतो. तर सरकारी लिलावातली होती, त्यामुळे तिला तरीत बसू देत. शेजारी कोणी बसत नसे. वर्गात आमच्या गावच्या दोन मुलींनी बाक बदलला. बाकीच्या गावच्या मुलींना आधी काही ठाऊक नव्हते, पण अशा गोष्टी वाऱ्यावर पसरतात. दोन आठवड्यांत पूर्ण वर्गाला 'तिच्याशी बोलत नाहीत' एवढे कळले होते. का, ते निम्म्यांना आजही माहीत नसेल. दंड तुम्हाला लागू नव्हता. तुमची गावे वेगळी होती. तरी तुम्हीही बोलला नाहीत, हे मी आरोप म्हणून सांगत नाही. मी तर तिच्या चार घरांवर राहत होतो.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. तुम्हाला आठवते का मला माहीत नाही. तुम्ही तेव्हा नव्याने देशावरून आला होता आणि आमच्या हेलाला हसायचा. एक दिवस तुम्ही विचारलेत, ही एकटी का बसते? वर्गात कोणी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तुम्ही तुमचा डबा घेऊन तिच्या बाकावर येऊन बसू लागलात. तुमच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी असायची. तुम्ही ती तिच्या भाकरीवर घालायचात आणि तिच्या डब्यातले सुकट मागून घ्यायचात. हे सगळ्या वर्गासमोर. तुम्ही हेडसरांकडे गेला होतात हेही मला नंतर शिपाईमामांकडून कळले. सर म्हणाले होते, गावकीच्या भानगडीत शाळेने पडू नये. सरांचीही अडचण होती. शाळेची नवी खोली त्याच गावांच्या वर्गणीतून उभी राहत होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. मायलेकी मामाच्या गावी गेल्या. वडील दोन वर्षे तसेच एकटे राहिले आणि मग घराला कुलूप लावून तेही गेले.

पुढे लॉ कॉलेजला पहिल्या वर्षी घटना वाचताना अनुच्छेद १५ चा दुसरा भाग आला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांचा वापर नाकारता येणार नाही. तिथे 'दुकाने' हा शब्द आहे, आणि तो अगदी सुरुवातीला आहे. मला पिंप दिसले. लगेच दुसरेही लक्षात आले, की या कलमाचा तिला काही उपयोग झाला नसता. तिला जातीवरून नाकारले नव्हते. आम्ही सगळे एकाच जातीचे होतो.

दलित वस्तीवर असा बहिष्कार पडतो तेव्हा तो कितीतरी जास्त जड असतो, हे मी इथे स्पष्ट सांगतो, कारण आपल्या गावांत तेही घडले आहे आणि आपण ते 'गावचे वाद' म्हणून गुंडाळतो. चवदार तळे आपल्याच जिल्ह्यातले. १९२८ मध्ये मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती, डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात अस्पृश्यांच्या वाटा अडवल्याची आणि गावच्या वाण्याने त्यांना जीवनावश्यक जिन्नस विकणे बंद केल्याची नोंद आहे. वाणी! मी तो भाग वाचला तेव्हा मला पन्नास वर्षांचे अंतर वाटलेच नाही. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी घटनासमितीसाठी जे निवेदन तयार केले, त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती, व्याख्येसकट, शिक्षेसकट. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत ते अॅट्रॉसिटी कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१५ ची दुरुस्ती लागली.

बाकीच्यांसाठी काय होते? याची कथा जरा वेगळी आहे आणि ती वकिलांनाही फारशी माहीत नसते. मुंबई राज्याने १९४९ मध्येच एक कायदा केला होता, कोणालाही आपल्या समाजातून बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले. जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो घटनाबाह्य ठरवला; धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबी चालवण्याचा हक्क आहे, आणि बहिष्कृत करणे हा त्याचाच भाग, असे बहुमताचे म्हणणे पडले. विरोधी मत होते सरन्यायाधीश सिन्हा यांचे. त्या निकालाचा फेरविचार आता नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे आहे. २०२३ मध्ये तो तिकडे सोपवला गेला.

प्रश्न धर्मगुरूंच्या अधिकाराचा होता, पण कायदा गेला तो सगळ्यांसाठी गेला. आमच्या गावकीला धर्माशी काही देणेघेणे नव्हते, तरी तिच्यावरचा बांधही त्यात वाहून गेला. महाराष्ट्राचा नवा कायदा, 'सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण' करणारा, २०१६ मध्ये झाला आणि जुलै २०१७ मध्ये अमलात आला. मधली पंचावन्न वर्षे. आपली मैत्रीण जुना कायदा गेल्यावर सतरा वर्षांनी आणि नवा येण्याआधी अडतीस वर्षे, अशी मध्ये सापडली.

हा कायदा आपोआप झाला नाही. २०१३ मध्ये नाशिकला जातपंचायतीच्या दडपणातून एका बापाने स्वतःच्या गर्भवती मुलीला मारले. त्यानंतर डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा खून झाला. कार्यकर्त्यांनी काम थांबवले नाही. कोकणातली गावकीची प्रकरणेही एकामागून एक पोलीस ठाण्यांत येऊ लागली. तोपर्यंत पोलीस खंडणीची, धमकीची कलमे कशीबशी लावत. 'बोलत नाहीत' हा गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा, असे ठाणे अंमलदार मला विचारायचे, आणि खरे सांगायचे तर मलाही सांगता येत नसे.

कायद्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्मे जण आपापल्या गावच्या मुंबई मंडळावर आहात. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बैठकीत त्या निर्णयाच्या बाजूने मत देणाराही त्यात येतो. हे जरा नीट ऐका. गावच्या देवळात नव्हे, परळच्या नाहीतर दिव्याच्या खोलीत रविवारी सकाळी बैठक घेतलीत, चहा-बिस्किटांवर ठराव केलात आणि गावी फोन लावलात, तरीही. पीडित माणूस किंवा त्याच्या घरचा कोणीही पोलिसांकडे जाऊ शकतो, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाऊ शकतो. अशी बैठक होणार असल्याचे कळले तर जिल्हाधिकारी ती आधीच थांबवू शकतात. गुन्हा दखलपात्र आहे, जामीनपात्रही आहे. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवावा असेही म्हटले आहे. आपल्या कोर्टात सहा महिन्यांत काय संपते ते विचारू नका.

मी अशी काही प्रकरणे चालवली आहेत. बहुतेक ढासळतात. साक्षीदार म्हणतो, "आमचं भांडण नाही साहेब, पण बोलावंसं वाटत नाही म्हणून बोलत नाही." यावर उलटतपासणीत काय विचारणार? कोणाशी बोलायची सक्ती कोर्ट करू शकत नाही. मग आम्ही पुरावा शोधतो तो दंडाच्या नोंदींत, परत केलेल्या लग्नपत्रिकेत, अलीकडे व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. मोबाइल आल्यापासून गावकीसुद्धा लिहू लागली आहे, ही आम्हा वकिलांची सोय.

बरीच प्रकरणे तडजोडीने मिटतात. पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर कायदा ते करू देतो. आधी मला तडजोडीची चीड यायची. एका प्रकरणात मी अशिलाला म्हटले, तुम्ही माघार घेऊ नका. ग्रामपंचायतीला गावकीच्या उमेदवाराविरुद्ध उभा राहिला म्हणून त्याला वाळीत टाकले होते. तो म्हणाला, "वकीलसाहेब, ते तुरुंगात गेले तर माझ्या आईला खांदा कोण देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याला शिक्षा नको होती, शेजार परत हवा होता. समेट झाला. पण पुढच्या शिमग्याला पालखी त्याच्या दारासमोरून जरा भरभर गेली, असे त्याने मला सांगितले. हे कुठल्या कलमात बसवणार?

असे असूनही हा कायदा मला मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण मला एका दुकानदाराकडून कळले. तालुक्यातलेच एक गाव, तिथले किराणा दुकान. तिथे एका कुटुंबावर बहिष्कार पडला. दुकानदाराने कायद्याच्या पहिल्या पानाची झेरॉक्स काढून फळीवर उदबत्तीच्या पुड्यांच्या वर चिकटवली. गावकीची माणसे आली तेव्हा तो म्हणाला, "माझी ना नाही हो, पण हे बघा, मला आत टाकतील. पोरंबाळं आहेत माझी." आणि त्या कुटुंबाला साखर देत राहिला. तो काही क्रांतिकारक नव्हता. मला भेटला तेव्हाही घाबरलेलाच होता. त्याला माणुसकीने वागायचे होते आणि तसे वागण्यासाठी एक सबब हवी होती. ती सबब त्याला सरकारने छापून दिली.

आप्पांना अशी सबब नव्हती. त्यांच्याकडे झेरॉक्स असती तर ते माळ्यावरून खाली आले असते का? मला वाटते, आले असते. मुलगा म्हणून वाटते की काय, ते तुम्ही ठरवा.

वाळीत टाकायला हुकूम देणारे फार लागत नाहीत. आमच्या गावात ते सात होते. पण ते चालवायला दीडशे घरे लागली. गिरणीवाला, न्हावी, तरीत सरकून बसणारी पोरे, दुकानावरचा मुलगा. त्यातल्या बहुतेकांचे त्या कुटुंबाशी काहीही वाकडे नव्हते. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरूडनेही बहिष्काराचा ठराव केला होता. ज्यांनी त्यांना लहानपणी खेळवले असेल अशीच माणसे त्यात असणार. कर्व्यांना पुणे होते, काम होते, पुढे १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. होड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला मागे फक्त सासुरवाडी होती.

तीन वर्षांपूर्वी मला एक फोन आला. "अरे, ओळखलंस का?" मी ओळखले नाही. तिने तरीचे, आमच्या घराचे, आईचे नाव घेतले तेव्हा ओळखले. मुलगा मस्कतला असतो, तिला त्याच्याकडे जायचे होते, पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा हवा होता. शाळा सोडल्याचा दाखला तिने कधी नेलाच नव्हता. "तू वकील झालास असं कळलं, म्हणून तुला विचारलं." प्रतिज्ञापत्र करून मी शाळेत आलो. कार्यालयातल्या ताईंनी जनरल रजिस्टर काढून दिले. जाड, कापडी बांधणीचे, वाळवीने कडा खाल्लेले. तिची ओळ सापडली. प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याचे कारण: सतत गैरहजर.

मी तिला फोनवर सगळे वाचून दाखवले. तारीख बरोबर आहे म्हणाली. मग विचारले, "आणि कारण काय लिहिलंय रे?" मी सांगितले. ती हसली. म्हणाली, "मी गैरहजर होते होय?"

कारण दुरुस्त करता येईल का, असे तिने विचारले नाही. मीच नंतर चौकशी केली. नाव, जात, जन्मतारीख यांच्या दुरुस्तीसाठी लोक वर्षानुवर्षे खेटे घालतात. त्या रकान्यासाठी कोणी आल्याचे कार्यालयात कोणाला आठवत नव्हते. संस्थेच्या अध्यक्षांना मी लेखी अर्ज दिला आहे. रजिस्टरमधला शब्द खोडू नये, पण शेरा या रकान्यात एक ओळ लिहावी, अशी विनंती आहे. उत्तर यायचे आहे. आज या व्यासपीठावर त्यांची आठवण करून देतो. आपल्या तुकडीतल्या ज्यांना त्या अर्जावर सही करायची असेल, त्यांच्यासाठी तो मी आणला आहे. बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवतो. बाई, पहिली सही तुमची हवी. सही करताना आमच्या गावच्यांनी मात्र विचार करावा. तुम्हाला गावी जायचे असते.

मुंबई मंडळातल्या मित्रांना एक वेगळी विनंती. पुढच्या बैठकीत असा विषय निघाला, तर तुम्ही भांडा असे मी म्हणत नाही. इतिवृत्तात 'माझा विरोध आहे' एवढे तीन शब्द लिहून सही करा. कायदा आहे, वकील मित्राने घाबरवून ठेवले आहे, असे म्हणा. माझे नाव खुशाल सांगा.

आज ती आलेली नाही. मी बोलावले होते. "पासपोर्ट आला की बघू," म्हणाली, म्हणजे नाही. पण इथे काय झाले ते वाचायला तिला आवडेल, असेही म्हणाली. "आई आहे का रे?" असे तिने पहिल्याच फोनवर विचारले होते. मी सांगितले, २००६ मध्ये गेली. मग पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. आई परसात यायची का थांबली, हे तिला तेव्हा कळले होते का, मी विचारू शकलो नाही. कोणी सांगितले, ते तर तिला ठाऊक असणेच शक्य नाही.

स्मरणिकेच्या संपादकांना विनंती, की माझी एक प्रत जास्त ठेवा. पत्ता मी देतो, टपालखर्चही देतो.